लॅटिन मिस्सा, मराठी पुराण आणि आम्ही

मराठीच्या वर्गात 'परंपरा आणि आधुनिकता' हा विषय शिकवायला घेतला की एक सोयीची मांडणी आमच्या हाती आयतीच असते. परंपरा म्हणजे बंधन, आधुनिकता म्हणजे मुक्ती. मध्ये प्रबोधनाचा उंबरठा. तो ओलांडला ते पुरोगामी, अलीकडे राहिले ते प्रतिगामी. विद्यार्थी हे चटकन उतरवून घेतात, कारण परीक्षेत ते उपयोगी पडते. ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की ही मांडणी आणखी घट्ट होते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७), रेव्हरंड टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ही आपल्या ओळखीची ख्रिस्ती परंपरा. ती प्रॉटेस्टंट मिशनांच्या सावलीत वाढली आणि सुधारणेच्या बाजूने बोलली. त्यामुळे ख्रिस्ती लेखक म्हणजे सुधारक, असे एक समीकरण आपल्या मनात नकळत तयार झाले आहे. कॅथलिक माणूस आपल्या अभ्यासक्रमात एकदाच भेटतो. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'तून तो येतो, ओव्या म्हणतो आणि पुढे तीन-चारशे वर्षे जणू अंतर्धान पावतो.

हा कॅथलिक माणूस आज काय विचार करतो, आणि त्यातही जो स्वतःला परंपरेचा पाईक म्हणवतो तो आजच्या जगाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न वैरागसारख्या गावी बसून कोणी करावा का? येथे श्रद्धेची भाषा आषाढी-कार्तिकीची आहे. तरीही गेली काही वर्षे हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे, कारण त्या माणसाच्या दुःखात आपल्या वाङ्मयेतिहासातील एक जुने दुःख दडलेले आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाचा उलगडा. बाहेरच्याला वाटते, कॅथलिक म्हणजे परंपरानिष्ठच; वेगळे ते काय सांगायचे? तर सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मसभेनंतर, १५७० साली, पोप पायस पाचवे यांनी मिस्साविधीचा एक ग्रंथ प्रमाण म्हणून लावून दिला. लॅटिन भाषा, वेदीकडे तोंड करून उभा असलेला धर्मगुरू, मधले दीर्घ मौन, ग्रेगोरियन गायन असा तो विधी किरकोळ फेरफारांसह चारशे वर्षे चालला. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन धर्मसभा भरली. तिने १९६३ साली उपासनाविधीवर जो दस्तऐवज संमत केला, त्यात लॅटिन राखावी असेच म्हटले होते. लोकभाषांना अधिक वाव देण्याची मुभा मात्र दिली होती. त्या मुभेचा ओघ एवढा मोठा ठरला की १९६९च्या अखेरीस पोप पॉल सहावे यांचा नवा विधी लागू झाला, तेव्हा बहुतेक चर्चांतून लॅटिन जवळजवळ उठून गेली होती. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, प्रार्थना घरच्या बोलीत आल्या. अनेकांना हे वारे येणे वाटले. काहींना मात्र आपले राहते घर डोळ्यांदेखत पाडले जात आहे असे वाटले. हे दुसरे ते परंपरानिष्ठ.

त्यांच्यातही एकी नाही. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० साली वेगळा धर्मगुरुसंघ काढला, आणि १९८८ साली पोपच्या संमतीवाचून चार बिशप नेमून बहिष्कार ओढवून घेतला. इतर पुष्कळ जण चर्चच्या आतच राहून जुना विधी मागत राहिले. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तो विधी करण्यास मोठी मोकळीक दिली; २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळली. फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी निधन झाले आणि ८ मे रोजी लिओ चौदावे पोप झाले, पण वाद संपला नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या सगळ्यातील एक प्रकरण विशेष रोचक वाटावे. १९७१ साली इंग्लंडमधील लेखक-कलावंतांनी पोपकडे एक विनंतीपत्र धाडले की जुना लॅटिन विधी नष्ट होऊ देऊ नये. त्यावर ग्रॅहम ग्रीनसारख्या कॅथलिकाची सही असणे स्वाभाविक. पण अगाथा ख्रिस्ती, रॉबर्ट ग्रेव्हज, आयरिस मरडॉक, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन, आणि आपल्या समीक्षेच्या पुस्तकांत हमखास भेटणारे एफ. आर. लीव्हिस यांच्याही सह्या होत्या. यांतील अनेक जण कॅथलिक नव्हते, काही तर ईश्वरही मानत नव्हते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की या विधीतून शतकानुशतके संगीत, काव्य, वास्तुकला उगवली आहे. तो साऱ्या मानवी संस्कृतीचा ठेवा आहे. पोपने इंग्लंड आणि वेल्सपुरती सवलत दिली. पहिल्या नजरेत हा विजय वाटतो, पण कडवा परंपरानिष्ठ यावर समाधानी नसतो. त्याला मिस्सा संग्रहालयात ठेवायची नाही. त्याच्या लेखी ती सुंदर आहे कारण ती खरी आहे. खरेपण वजा करून नुसते सौंदर्य जपणे म्हणजे मूर्ती काढून नेऊन मखर पूजणे.

मराठी वाचकाची यावर पहिली प्रतिक्रिया काय होईल ते सांगायला नको. आपले वाङ्मयच देवभाषेच्या मक्तेदारीविरुद्धच्या बंडातून उभे राहिले. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला गीता मराठीत आली. एकनाथांनी भागवत मराठीत आणले आणि भाषेची बाजू पंडितांपुढे लढवली. ज्यांनी हे दूध प्यायले त्यांना 'लॅटिन परत आणा' ही हाक ऐकून हसू येणे साहजिक आहे. आमचे एक सहकारी तर म्हणाले, "म्हणजे यांना ज्ञानेश्वरी परत संस्कृतात हवी!"

पण गोष्ट इतकी सरळ नाही. उद्या कोणी म्हणाले की हरिपाठातील भाषा सातशे वर्षांपूर्वीची आहे, मुलांना कळत नाही, तेव्हा तो आजच्या प्रमाण मराठीत सोपा करून दिंडीत म्हणू या, तर आमच्या भागातील एक तरी माळकरी तयार होईल काय? संतांची मराठी ही बंडाची भाषा होती. सात शतकांच्या पठणाने तीच आता पवित्र भाषा झाली आहे. तिचा प्रत्येक शब्द समजतो म्हणून ती म्हटली जाते असे नाही. आजोबा, पणजोबा हेच शब्द हाच ठेका धरून म्हणत होते म्हणून ती म्हटली जाते. परंपरानिष्ठ कॅथलिक लॅटिनबद्दल नेमके हेच सांगतो. उपासना म्हणजे माहिती देणे नव्हे, तेव्हा कळले की नाही या एकाच मापाने तिला मोजू नका, हे त्याचे म्हणणे. भाषांतराने अर्थ हाती येतो हे तो नाकारत नाही. पण अर्थापलीकडे जे होते, त्याचे काय झाले, असे तो विचारतो.

जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. वैरागहून ते जवळच; आम्ही गेलो होतो. ग्रंथप्रदर्शनात वसईकडचे एक निवृत्त शिक्षक भेटले. संमेलनाध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या प्रेमापोटी ते एवढ्या दूर आले होते, पण फादरांची सगळीच मते त्यांना मान्य नव्हती. लहानपणच्या लॅटिन मिस्सेविषयी ते म्हणाले, "सर, अर्थ कळत नव्हता, पण आपण कुठे उभे आहोत ते कळत होतं. आता अर्थ कळतो, आणि माणसं मिस्सा चालू असताना मोबाइल बघतात." त्यांच्याशी तासभर गप्पा झाल्या. त्या तासाभरात आमच्या फळ्यावरची मांडणी बरीचशी पुसली गेली.

कारण हा गृहस्थ कुठल्याच रकान्यात बसेना. मिस्सेबद्दल, लग्नाबद्दल, घटस्फोटाबद्दल त्यांची मते ऐकून कोणीही त्यांना कर्मठ म्हणावे. पण वसईच्या बागायती, विहिरी, पाणी उपसून नेणारे टँकर आणि शेतात उगवलेल्या इमारती यांविषयी ते बोलू लागले, तेव्हा एखाद्या डाव्या चळवळीचा कार्यकर्ता बोलतो आहे असे वाटावे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात, आणि २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाल्यावर गावे तीतून वगळावीत या मागणीत, अशी कितीतरी सश्रद्ध, जपमाळ न चुकवणारी माणसे रस्त्यावर होती. त्यांच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. जमीन वाडवडिलांकडून आली आणि प्रार्थनाही वाडवडिलांकडून आली. दोन्ही आपण निर्माण केलेल्या नाहीत, तेव्हा दोन्ही विकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आजच्या संस्कृतीविषयी परंपरानिष्ठाचे म्हणणे याच सूत्रातून समजून घ्यावे लागते. जे मिळाले आहे ते देणगी आहे. बाजार मात्र प्रत्येक देणगीची वस्तू करतो. २०२४ साली व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेवर 'दिग्नितास इन्फिनिता' हे घोषणापत्र काढले. त्यात दारिद्र्य, युद्ध, स्थलांतरितांचे हाल, मानवी तस्करी, स्त्रियांवरील हिंसा यांच्याच रांगेत गर्भपात, दयामरण आणि सरोगसीही ठेवली आहे. पुरोगामी वाचकाला ही यादी अर्धी पटते, सनातनी वाचकाला उरलेली अर्धी. सरोगसीचेच उदाहरण घ्या. समृद्धी पोरे यांच्या 'मला आई व्हायचंय' (२०११) या चित्रपटाने परदेशी जोडप्यासाठी मूल वाढवणाऱ्या गरीब बाईची कथा मराठी प्रेक्षकांपुढे ठेवली. पुढे २०२१च्या कायद्याने व्यापारी सरोगसीवर देशात बंदी आली. गर्भाशय भाड्याने देता येते काय, हा प्रश्न आपल्या संसदेलाही शेवटी टाळता आला नाही.

आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. त्याच जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे उघड झाले, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीचे दिवस म्हणजे बुडालेली मजुरी आणि मुकादमाचा दंड, म्हणून अवयवच काढून टाकायचा. वर्गात या दोन्ही गोष्टींवर बोलताना आमच्या विद्यार्थिनी पहिल्यीला पितृसत्ता म्हणतात, दुसरीला भांडवलशाही, आणि ते बरोबरच आहे. पण शरीराला केवळ साधन मानण्याची जी वृत्ती दोन्हींच्या मुळाशी आहे, तिला एकाच नावाने हाक मारण्याची हिंमत आम्हांला त्या वसईकर गुरुजींच्या बोलण्यात दिसली.

येथून पुढे मात्र आमची वाट वेगळी होते. शरीर हे साधन नव्हे हे मान्य केल्यावर, त्या शरीरात जगणाऱ्या बाईचा निर्णय तिच्या हाती असू नये हे कसे मान्य करावे? तिच्या वतीने नेहमी दुसरेच कोणी बोलायचे, तेही बहुधा पुरुष, ही परंपरा आपल्याकडेही काही कमी जुनी नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या चौकटीतून बाहेर काढले, तेव्हा आमच्या एका विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे आम्ही पाहिले, ते कोणत्याही वचनाने खोटे ठरत नाही. आणखी एक आक्षेप आहे. चर्चमध्ये जे जे बिघडले ते १९६० नंतरच्या सैलपणामुळे, असे परंपरानिष्ठ वरचेवर म्हणतो. मुलांवरील अत्याचारांच्या प्रकरणांत हे टिकत नाही. आयर्लंडमधील २००९च्या रायन अहवालाने धर्मसंघांच्या संस्थांतील ज्या क्रौर्याची नोंद केली, त्याची सुरुवात १९३०च्या दशकात आहे, म्हणजे लॅटिन मिस्सा रोज होत असतानाच्या काळात. सुंदर विधी माणसाला आपोआप सुजन करीत नाही. हे आपल्या देवळांनाही लागू आहे.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न आम्हांला 'ख्रिस्तपुराण' शिकवतानाच भेटला. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. तेथे १५६०पासून इन्क्विझिशन बसले होते. साष्टीतील देवळे १५६७च्या सुमारास पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीला उठाव झाला, पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या मुखियांना ठार करण्यात आले. याच साष्टीत राहून स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ते रोमन लिपीत छापले गेले. त्या काळच्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणले. मराठीच्या थोरवीचे त्यातील वर्णन प्रत्येक मराठी दिनाला ऐकू येते. त्याच्या आरंभीचा प्रसंग मात्र फारसा कोणी सांगत नाही. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला विनवतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी म्हणायला आम्हांला तसेच काही का देत नाही? ग्रंथाचा जन्म या मागणीतून झाला असे ग्रंथच सांगतो.

एके वर्षी हा भाग शिकवत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे त्यांची पोथी काढून घेतली, अन् मग नवी दिली का?" आम्ही म्हणालो, "होय, असेच." यापेक्षा नेमके उत्तर आजही आमच्याजवळ नाही.

चारशे वर्षांचे अंतर ठेवून दोन माणसे समोरासमोर उभी करून पाहावीत. एक साष्टीचा तो श्रोता, ज्याच्या तोंडची ओवी हिरावली गेली आणि जो रिकाम्या तोंडाने दुसरी ओवी मागतो आहे. दुसरा १९७०मधला कॅथलिक म्हातारा, ज्याच्या तोंडची लॅटिन एका फर्मानाने गेली आणि जो नव्या प्रार्थनेची पुस्तिका हातात धरून गप्प उभा आहे. दोघांवर झालेल्या अन्यायाचे वजन सारखे नाही. एकीकडे राज्यसत्ता, तुरुंग आणि पाडलेली देवळे होती. दुसरीकडे स्वतःच्याच धर्मपीठाची सुधारणा होती. तरी दोघांचे दुःख एका जातीचे आहे. ज्या शब्दांनी आपण आईवडिलांना पोहोचवले ते शब्द आता चालणार नाहीत, असे कोणीतरी वरून सांगणे, हे ते दुःख. परंपरानिष्ठाला आपले दुःख कळते. पण त्याच्याच परंपरेने दिलेले ते दुसरे दुःख त्याला कळते काय? आमच्या मते परंपरानिष्ठेची खरी कसोटी येथे आहे. जो केवळ आपल्याच पोथीसाठी रडतो तो मालकी सांगतो. दुसऱ्याची गेलेली पोथी पाहून ज्याचा जीव कासावीस होतो, त्यालाच परंपरा म्हणजे काय ते उमगले.

फादर दिब्रिटो रूढ अर्थाने परंपरानिष्ठ नव्हते. ते व्हॅटिकन धर्मसभेनंतरच्या मोकळ्या हवेचे धर्मगुरू होते. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवले आणि ते वसईच्या वेशीबाहेर नेले. 'सुबोध बायबल – नवा करार' या त्यांच्या अनुवादास २०१३ सालचा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. लॅटिनच्या जागी मराठी आणण्याच्या कामी त्यांची हयात गेली, आणि तरीही ज्ञानोबा-तुकोबांना ते परके मानत नव्हते. वर सांगितलेली कसोटी त्यांच्यापुरती त्यांनी पार केली होती. उस्मानाबादला कसोटीस लागलो ते आपण. ते संमेलनाचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. निवड जाहीर होताच 'पाद्री कसा चालेल' म्हणून काही संघटनांनी विरोध केला, उद्घाटक ना. धों. महानोर यांनी जाऊ नये म्हणून त्यांच्यावर दडपण आणले गेले. महानोर गेले. फादर प्रकृती बरी नसतानाही आले आणि पर्यावरणावर, असहिष्णुतेवर, मराठीच्या भवितव्यावर बोलले. विरोधकांच्या मनात साष्टीची जुनी जखम होती असे मानले, तरी एक विचारावेसे वाटते. ज्या परंपरेच्या नावाने आपण शोक करतो, तिच्यात साष्टीचे ते पुराणही आता आपलेच झालेले नाही काय? २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले, तेव्हा मराठीचा एक उपासक गेला असेच सर्वांनी लिहिले. चार वर्षांपूर्वीचा विरोध कोणाच्या लेखात आला नाही. असो.

मार्च २०२०नंतर चर्चे बंद झाली, मिस्सा पडद्यावर आली. त्या वर्षी आषाढीला पालख्या एस.टी.ने पंढरपुरात आल्या आणि आमच्या गावातील वारकरी घरी बसून राहिले. पडद्यावरील दर्शन खरे की काय, हा प्रश्न तेव्हा रोममध्ये आणि सोलापूर जिल्ह्यात एकाच वेळी विचारला गेला, ही गंमत त्या दिवसांत ध्यानात आली नाही. पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध माळकऱ्यांना आम्ही विचारले, "तात्या, टीव्हीवर तर विठोबा जास्त जवळून दिसतो की." ते म्हणाले, "दिसतो. पण पाय दुखत न्हाईत ना." वसईच्या गुरुजींना हे वाक्य निश्चित आवडले असते. लिओ चौदावे यांनी पोप झाल्यावर दोनच दिवसांत आपल्या नावाचे कारण सांगितले. पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या काळात लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढले; आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाच्या प्रतिष्ठेपुढे आणि श्रमापुढे तसेच आव्हान उभे आहे, असे ते म्हणाले. यंत्र आता प्रार्थनाही लिहील, अभंगही जुळवील, आणि अर्थाला ते बिनचूक असतील. अर्थ कळतो, पण पाय दुखत नाहीत, अशा जगात आपण येऊन ठेपलो आहोत.

तेव्हा वर्गातील ती सोयीची मांडणी आम्ही पूर्ण टाकून दिलेली नाही. बंधन होते, मुक्ती घडली आणि तीतूनच आमच्यासारखे अध्यापक झाले, हे विसरून कसे चालेल? मात्र तिच्याखाली आता एक प्रश्न आम्ही फळ्यावर लिहितो: जे गेले ते कोणाचे होते, आणि ते जाताना त्याला कोणी विचारले होते का? हा प्रश्न लॅटिनला लागू पडतो आणि साष्टीच्या जळालेल्या पोथ्यांनाही. आपल्या गावच्या बोलीला, भारुडाला, बाभळीखालच्या म्हसोबालाही तो लागू पडतो. उत्तरे विद्यार्थ्यांनी ज्याची त्याने शोधायची आहेत. परीक्षेत हा प्रश्न येत नाही, हेही आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवतो.